लिटरला बारा

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या हवेत मळीचा वास येतो. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, रस्त्यावर उसाचा पाला पसरलेला असतो, आणि गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळांचा गोड, जड वास त्या मळीच्या वासात मिसळतो. इथल्या बहुतेकांना तो जाणवतसुद्धा नाही. मला जाणवतो, आणि जाणवला की बसवत नाही. हातातलं काम टाकून मी उठते, आतल्या खोलीत जाते, कशाला आले ते विसरते आणि परत येते. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "कारखाने सुरू झाले वाटतं."

गेल्या आठवड्यात मलकापूरला निघाले होते. वाघबीळच्या पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोर आला. ऊस इतका रचलेला की दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबत होता. पुढे जायला जागा नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्यात, मी त्याच्यामागून सरकत राहिले. हल्लीच्या गाड्या लिटरमागे किती किलोमीटर जातायत ते स्वतःच दाखवतात. माझ्यासमोर तो आकडा हळूहळू खाली येत होता. सतरा, साडेसोळा, सोळा. मागे कुणी बसलेलं नव्हतं, मला कुणाला काही सांगायचं नव्हतं. तरी मी एका हाताने तो आकडा बंद करायचं बटण शोधत होते.

मला आठवत होता तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. मी नुकतीच गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर कामाला लागले होते. संस्था लहान होती, आता ती राहिलेली नाही. एक जुनी जीप, एक निवृत्त डॉक्टरीणबाई, एक ड्रायव्हर आणि मी. सकाळी कोल्हापुरातून निघायचं, पंचगंगेवरचं धुकं अजून उठलेलं नसायचं. केर्ली, वाघबीळ, बांबवडे करत मलकापूरला पोचायचं आणि तिथून आत डोंगरातल्या वाड्यांवर. मी पेशंटांची नावं लिहायची, पुड्यांमधून गोळ्या द्यायची आणि जीपचं लॉगबुक ठेवायची.

ड्रायव्हरचं नाव यशवंत कांबळे. पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. बांबवड्याजवळच्या एका गावात त्याचं घर होतं. रोज पहाटेच्या पहिल्या एसटीने तो कोल्हापूरला यायचा, जीप घेऊन पुन्हा आपल्याच गावावरून पुढे जायचा, आणि संध्याकाळी जीप परत कोल्हापूरला सोडून एसटीने घरी. हे मला विचित्र वाटायचं. एकदा मी विचारलं, "मामा, गाडी रात्री तुमच्याच घरी लावली तर?"

"गाडी दवाखान्याची हाय," तो म्हणाला. "माज्या दारात हुबी ऱ्हायली तर लोकं माजी म्हणतील."

गाडीचं ॲव्हरेज काढायला मला त्यानेच शिकवलं. पंपावर टाकी अगदी गळ्यापर्यंत भरायची. डिझेलला फेस येतो, तेव्हा नोझल काढून थांबायचं, गाडी बाजूने धरून दोनदा हलवायची, फेस बसला की आणखी थोडं मावतं. मग गाडीच्या मीटरवरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं मधल्या प्रवासात जळलं. किलोमीटरला लिटरने भागायचं. भागाकार मी करायची, पण उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं.

"किती आलं, पोरी?"

"बारा पूर्णांक एक."

"मग. बाराच्या खाली आलं तर मला जेवान जात न्हाय."

त्याला त्या आकड्याचा अभिमान होता. उतारावर गाडी बंद करून तो कधी सोडायचा नाही, ते त्याला हलकं काम वाटायचं. तो फक्त नीट चालवायचा. समोरचं वळण त्याला आधी कळायचं आणि ब्रेकवर पाय जायच्या आधीच गाडी मंद झालेली असायची. डॉक्टरीणबाई पाठीमागे डुलकी काढायच्या आणि त्यांचं डोकं कधी काचेवर आपटलं नाही.

मग त्या वर्षी ते बदललं. दसऱ्यानंतर पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा उत्तर आलं सव्वाअकरा. मामाने पंपावरच्या माणसाकडे पाहिलं. पुढच्या वेळी अकरा. दिवाळीनंतर साडेदहा. त्याने एअर फिल्टर साफ करून घेतला, चाकांतली हवा तपासली, इंजिनातले नोझल मेकॅनिकला दाखवून आणले. साडेदहाच. तो जेवणाचा डबा उघडायचा आणि दोन घास खाऊन बंद करायचा. तेव्हा मला ते नाटक वाटलं होतं का? आज सांगता येत नाही. एवढं आठवतं, की मी त्याच्याकडे बघायला लागले होते.

कारण मधल्या काळात संस्थेच्या व्यवस्थापकांनी, सरनाईक साहेबांनी, मला बोलावून घेतलं होतं. टेबलावर माझंच लॉगबुक उघडं होतं.

"वैशालीताई, हे आकडे तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"मग तुम्हाला काही वाटत नाही? लिटरमागे दीड किलोमीटर कमी. कुठं जातंय डिझेल?"

मी म्हणाले, मामा तसा माणूस नाही. ते खुर्चीत मागे रेलले. "अहो, तसल्या माणसांवर किती विश्वास ठेवायचा?"

तसल्या म्हणजे कसल्या, हे मी विचारायला हवं होतं. मला अर्थ कळला होता, आणि म्हणूनच मी विचारलं नाही. खाली मान घालून उभी राहिले. "जरा लक्ष ठेवा आणि चार ओळींचं टिपण द्या," ते म्हणाले.

लक्ष ठेवायचं ठरवलं की सगळंच दिसायला लागतं. ड्रायव्हरच्या सीटमागे पाच लिटरचा एक पांढरा कॅन असायचा. तो तिथे वर्षभर होता, मला त्या महिन्यात पहिल्यांदा दिसला. बांबवडे सोडलं की मामा रस्त्याकडेला गाडी थांबवायचा, कॅन घेऊन एका पडक्या भिंतीआड जायचा आणि पाच मिनिटांनी परत यायचा. जाताना कॅन भरलेला होता की येताना, ते गाडीतून कळायचं नाही. मी मान लांब करून बघायची. तो परत आला की वहीत डोकं घालायची. खाली उतरून विचारायला किती वेळ लागला असता? झाकण उघडून वास घ्यायला तर त्याहून कमी. दोन्ही मी केलं नाही. रोज ठरवायची, आज विचारू. रोज ती भिंत मागे जायची.

शेवटी मी टिपण लिहिलं. त्यात मामावर आरोप नव्हता. मी स्वतःला पुष्कळ वेळा हेच सांगितलंय. एकच वाक्य होतं: 'गाडीच्या ॲव्हरेजमध्ये झालेल्या घटीचं समाधानकारक कारण आढळून येत नाही.' मला ते वाक्य फार सांभाळून लिहिलेलं वाटलं होतं. 'कारण आढळलं नाही' आणि 'माणूस चोर आहे' यांच्यात मोठं अंतर आहे, असं मी धरून चालले होते. सरनाईकांनी ते अंतर एका दुपारी ओलांडलं. मामाकडून किल्ली घेतली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

मी औषधांचं कपाट लावत होते. तो दारात आला.

"त्यो कागूद तू लिवलास?"

"हो मामा, पण त्यात मी..."

"व्हय म्हणालीस, बास झालं." त्याने खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. ते माझंच होतं, सकाळी कशाला तरी घेतलेलं. मग तो गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्या रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला. मलकापूरच्या पुढच्या चढाला इंजिन तापलं, तसा तो वैतागला. "रेडिएटरला पाणी न्हाय का ठेवत तुम्ही? डोंगरात जाताय न्हवं?" सीटमागे हात घालून त्याने तो पांढरा कॅन ओढून काढला, झाकण उघडलं आणि रेडिएटरमध्ये ओतला. स्वच्छ, थंड पाणी होतं. परत येताना मी त्याला त्या पडक्या भिंतीपाशी थांबायला सांगितलं. भिंतीमागे विहीर होती. पायऱ्या उतरून मी खालपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. वर डॉक्टरीणबाई हाका मारत होत्या.

आणि नव्या ड्रायव्हरचं पहिल्या टाकीचं ॲव्हरेज आलं दहा.

आता मला घरात बसवेना. आमचं घर मंगळवार पेठेत, खाली वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर त्यांचे हात ग्रीसने काळे. मी दुकानातल्या फळीवर जाऊन बसले आणि ॲव्हरेजचे आकडे त्यांना सांगितले. ते एक चाक फिरवत, तार सरळ करत ऐकत होते.

"लिटर खरं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. टाकी डोळ्यासमोर भरतात."

"आणि किलोमीटर?"

"ते मीटरवर असतात की."

"मीटर काय रस्ता मोजतंय व्हय, वैशे? मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतंय." त्यांनी भिंतीला टेकलेली लहान सायकल आणि मोठी सायकल शेजारी शेजारी आणली. "ह्याची एक फेरी आणि ह्याची एक फेरी सारखी हाय का? चाक मोठं असलं की कमी फेऱ्यात तेवढंच लांब जातंय. तुमच्या गाडीची चाकं बदलली का कोण?"

मी वर धावले. लॉगबुक घरीच होतं. मागची पानं उलटली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची नोंद, माझ्याच अक्षरात: 'मागचे दोन्ही टायर बदलले.' एका हितचिंतकाने आपल्या मोठ्या गाडीचे जवळजवळ नवे टायर संस्थेला भेट दिले होते. त्यांना हार घातला होता, पेढे वाटले होते. मीही खाल्ला होता एक.

सकाळी मी नव्या ड्रायव्हरशेजारी पुढे बसले. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापाशी मीटरचा आकडा लिहिला आणि तिथून पुढे तीस दगड मोजले. एकही चुकू नये म्हणून काच खाली करून मान बाहेर काढून बसले होते. थंडीने कान दुखत होते, समोरच्या ट्रॉलीतून पाल्याचे तुकडे उडून तोंडावर येत होते. तीस दगड झाले तेव्हा मीटर अठ्ठावीस किलोमीटर दाखवत होता. आम्ही दोन महिने जेवढं चाललो होतो त्याहून कमी लिहीत होतो, आणि कमी लिहिलेल्या वाटेचा जाब एका माणसाला विचारत होतो.

सरनाईकांनी माझा नवा कागद दोनदा वाचला. "बरं. मग बोलवून घ्या त्याला," ते म्हणाले. पाणी मागवावं इतक्या सहज.

निरोप पाठवायला मला लाज वाटली. रविवारी वडिलांची लूना घेतली आणि मीच गेले. मामा घराच्या मागे वैरण रचत होता. त्याची बायको, हौसामामी, मला ओळखत नव्हती, तरी तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. आत बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे झेंडूची दोन फुलं. मी टायरचं सांगितलं, दगडांचं सांगितलं, मागची नोंद माझ्याच हातची होती तेही सांगितलं. मामा ऐकत होता. हौसामामी मात्र मधेच म्हणाली, "तूच का ती पोर? ह्यो माणूस आठ दीस झालं गावात कुणाच्या दारात गेला न्हाय."

"मामी, माझं चुकलं."

"चुकलं म्हंजे काय, पोरी? लोकं इचारत्यात की, गाडी का सोडली म्हणून. काय सांगायचं आमी?"

मामाने तिला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "टायरचं धरून किती येतंय?"

"अकराच्या वर. सव्वाअकरा, थोडं जास्त."

"आणि वरलं? बारा येत हुतं न्हवं."

"उसाच्या गाड्यांमागे रोज रखडतोय आपण, त्यामुळे असेल."

"आसंल," तो म्हणाला. "म्हंजे तुला बी ठावं न्हाय."

नव्हतंच ठाऊक. त्याने शर्टावरचा वैरणीचा कचरा झटकला. मग म्हणाला, "येतो. पर साहेबानं माज्या शेजारी बसायचं. सकाळपासनं सांजपतुर. त्यांच्या डोळ्याम्होरं भरायची आणि त्यांच्या डोळ्याम्होरं मोजायची."

सरनाईक आले, हे मी त्यांच्या बाजूने लिहायला हवं. त्या दिवशी पंपावर त्यांनी स्वतः टाकीत वाकून बघितलं. मामा नेहमीसारखाच चालवत होता, ना हळू, ना जपून. केर्लीच्या पुढेच ट्रॅक्टरांची रांग लागली. एका चढावर ट्रॉलीचं चाक निखळलं होतं आणि ऊस रस्त्यावर पसरला होता. गाडी चालू, पंधरा मिनिटं जागेवर. सरनाईक घड्याळ बघत होते, रुमालाने मान पुसत होते. "हे रोजचं आहे?" त्यांनी विचारलं. "हंगाम हाय, साहेब," मामा म्हणाला. दिवसभरात तेवढीच दोन वाक्यं झाली.

संध्याकाळी पुन्हा टाकी भरली. मीटरवर एकशे बारा किलोमीटर, म्हणजे खरे एकशेवीस. डिझेल मावलं दहा लिटर आणि सहाशे मिली. मी पंपावरच उभ्याने भागाकार केला. तिघंही माझ्या पेनकडे बघत होते.

"अकरा पूर्णांक तीन."

"झालं तर मग," सरनाईक म्हणाले. "यशवंतराव, उद्यापासून या." त्यांनी पहिल्यांदाच त्याला राव लावलं होतं.

"बारा न्हाय आलं," मामा म्हणाला.

"अहो, चालतंय."

"तुमाला चालतंय."

तो दुसऱ्या दिवसापासून आला. इस्त्रीचा शर्ट, तीच पहिली एसटी. फाल्गुनात कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप संपलं, रस्ते मोकळे झाले, ॲव्हरेज पावणेबारापर्यंत चढलं. बारा पुन्हा कधी आलं नाही. उरलेलं पाव किलोमीटर कुठे गेलं, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. इंजिन जुनं झालं असेल, टायर जड असतील. कदाचित आधीचं बाराही माझ्या भागाकारात थोडं वर सरकवलेलं असेल, त्याला आवडायचं म्हणून. गणिताच्या माणसाने अशा बाकीवर हसून पुढे जायला हवं. मी अजून कधीमधी कागदाच्या कडेला ती वजाबाकी करून बघते.

पण बदललं ते वेगळंच काही. तो मला पोरी म्हणेनासा झाला. मॅडम म्हणायला लागला. त्यात टोमणा नव्हता, तोच त्याला आता बरोबर शब्द वाटत होता. आणि टाकी भरायची वेळ आली की तो गाडीतून उतरायचा, माझ्या बाजूला यायचा, दार उघडून धरायचा. "मॅडम, या." मी उतरायची. पंपाच्या मीटरवर शून्य आहे ते बघायची. नोझल आत जाताना बघायची. फेस बसवायला तो गाडी हलवायचा, दोनदा. मग टाकीच्या तोंडापासून बाजूला सरायचा. "बगा." मी वाकून बघायची आणि म्हणायची, "भरली." मगच तो झाकण लावायचा. पावसात, उन्हात, पेशंट खोळंबलेले असताना, एकदा मला ताप असतानाही. मी एकदा म्हणाले होते, मामा, माझा विश्वास आहे तुमच्यावर. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. असं चार वर्षं चाललं.

तो निवृत्त झाला तो दिवसही हंगामातलाच. डॉक्टरीणबाईंनी त्याला शाल दिली होती, ती घडी करून त्याने डॅशबोर्डवर ठेवली होती. संध्याकाळी वाड्यांवरून परतताना तो पंपावर वळला. टाकी अर्धीही रिकामी नव्हती. नव्या ड्रायव्हरच्या हातात गाडी भरलेली द्यायची, एवढंच कारण असणार. माझ्या बाजूचं दार उघडून तो उभा राहिला.

मी बसूनच राहिले. "मामा, आज नको," मी म्हणाले. "आज तरी नको."

त्याने पंपावरच्या माणसाला हाताने थांबायची खूण केली. मागे दोन ट्रॅक्टर डिझेलसाठी येऊन उभे होते, एकाने भोंगा वाजवला. मामा दार धरून तसाच उभा होता.

"तुमाला नको आसंल, मॅडम," तो म्हणाला. "मला पायजे."

मी उतरले. मीटरवरचं शून्य बघितलं. नोझल आत गेली, फेस वर आला, त्याने गाडी धरून दोनदा हलवली, वय झालं होतं तरी तितक्याच जोराने. फेस खाली बसला. तो बाजूला झाला. मी ओढणी सावरून वाकले आणि आत बघितलं, नीट, घाई न करता, जसं पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

"भरली," मी म्हणाले.

त्याने झाकण लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.